दुधाचं कार्ड

डेअरीचं कार्ड भरलं की माय ते चुलीत घालायची.
नववीतल्या दिवाळीनंतर एक मी मागून घेतलं.
पाठ कोरी होती.
रकाने तेच आखले: तारीख, सकाळ, संध्याकाळ,
लिटर, फॅट, शेरा.
फक्त लिटरच्या जागी पानं,
आणि फॅट म्हणजे, मिटल्या पुस्तकातलं
किती आठवतं ते.

त्याआधी माझा अभ्यास म्हणजे
पेपरच्या आदल्या रात्री तीन धडे, दोन कप काळा चहा
आणि सकाळी आम्ल-आम्लारीची एकच खिचडी.
लाखे मॅडमनी पेपर हातात दिला.
चाळीसपैकी अकरा.
बोलल्या काहीच नाहीत, ते जास्त लागलं.
घरी येऊन गोठ्याच्या कुडाला टेकून रडले.
माय शेण भरता भरता म्हणाली,
"आपली कपिली दहा दिसाचं दूध
एका दिशी देते का व?
मंग डोकसं देते म्हणून तुले कोनं सांगतलं?"

पहिला दिवस. पहाटे पाच.
माय धारेला बसली,
मी सरकीच्या ढेपेच्या पोत्यावर, त्याच बल्बखाली.
बादलीत चर्र, चर्र,
वहीत बहुपदी.
पानं दीड. फॅट शून्य.
झोप लिहायला रकाना नव्हता.

पाचव्या दिवशी तीन पानं झाली,
मी दिवसभर शाळेत मान वर करून हिंडले.
सातवा कोरा. शेरा: आर्वीची मावशी.
आठवा कोरा, कारण सातवा कोरा होता.
नववाही जाणारच होता,
पण सकाळी कॅन घेऊन डेअरीवर गेले तर
दिवाकरभाऊ कोणाच्या तरी नासक्या दुधापुढे
लाल रेघ ओढत होता.
"आता यांचं खातं बंद?"
तो हसला. "एका रेघेनं? उद्या आणतीनच ना ते."
मी त्याचाच लाल पेन मागितला.
दोन रेघा ओढल्या.
संध्याकाळी पुन्हा पोत्यावर.

मग हिवाळाभर शेरे साचत गेले.
लाइन गेली. बोटं गारठली. पोट दुखलं.
एकदा नुसतं: वाघ.
(नाल्याकडे दिसला होता,
सगळं गाव जागं, मी पण;
त्या रात्री चार पानं.)

फेब्रुवारीत कपिली आटली. गाभण होती.
मायचं कार्ड खिळ्याला कोरंच लटकलं.
तरी ती पाचला उठायची,
कडबा टाकायची, पाठीवरून हात फिरवायची
आणि माझ्याकडे वळायची,
"तुहं किती भरलं आज?"
तिला अक्षर येत नाही, रकाने येतात.
एकदा बोट फिरवत फिरवत थांबलं.
"हे पान्याचं हाय."
परवाचं होतं. पानं चार, फॅट साडेचार.
परवा मी पोत्यावरच लुडकले होते,
तिनंच गोधडी टाकली होती.
"डेअरीत मशीन सांगते," ती म्हणाली,
"इथं कोन सांगन?"
आणि टोपलं उचलून निघून गेली.

मी खोडलं नाही.
त्याच्यावरून लाल रेघ ओढली, खाली दिसेल अशी.

वार्षिकला चाळीसपैकी तेवीस.
लाखे मॅडम याही वेळी काही बोलल्या नाहीत,
फक्त पेपर देताना माझ्याकडे बघितलं.

आता दहावी.
कपिलीला गोऱ्हा झालाय, पांढरा, आडदांड.
एकाच खिळ्याला दोन कार्डं.
मायला अधूनमधून उशीर होतो,
तरी गोठ्यात पाचच्या ठोक्याला हंबरणं.
मी उठते म्हणून ती हंबरते,
की ती हंबरते म्हणून मी उठते,
शेऱ्यात काय लिहावं कळत नाही.
तेवढा रकाना
रोज कोरा सोडते.