मूळ फाईल

मानवतच्या बसस्टँडसमोर माझा स्टुडिओ.
अलमासचा पहिला वाढदिवस, निळा फ्रॉक, फ्लॅश.
एक डोळा लाल आला, एक पांढरा,
रात्री गल्लीत मांजर वळून बघतं तसा.
लाल तर मी रोजच काढतो.
त्या दिवशी पांढराही काढला,
बाहुली काळी केली, वर बारीक चमक ठेवली
आणि प्रिंटचे साठ रुपये घेतले.

सात महिन्यांनी मुनीर टायरवाला आला.
"लेकरू तिरपं बघायचं. आम्हाला लाड वाटला."
संभाजीनगरला गुंगी देऊन तपासलं म्हणे.
डॉक्टरांनी कागदावर अक्षरं लिहिली, ए ते ई.
ए म्हणजे बारकी गाठ, नजरेपासून दूर.
डी म्हणजे कण सुटलेत आत,
पिंजल्या कापसागत.
"डाव्याला डी. उजवा साफ.
ई असता तर..."
तो पान्ह्याचं काळं नखातून काढत राहिला.
"डोळ्याच्या बाहेर गेलेलं नाही."

"जुना फोटो आहे का? कधीपासून, ते विचारतात."

मूळ फाईल होती. मी पुसत नाही कधी.
पडद्यावरच्या पांढऱ्यावर त्यानं बोट टेकवलं,
काही बोलला नाही.

त्याच्या भिंतीवर दुसरा फोटो आहे.
त्यात दोन्ही डोळे काळे.