मागची ओसरी

तपकीर गल्लीत रसूलभाई आतारांनी
पॅनेल जुन्या पेपरात गुंडाळून दिलं.
"याचा कागद नाही. चालला तर तुमचा,
नाही चालला तरी तुमचाच."
चाळीस तारांची पिवळी पट्टी,
पाठीमागे एकही चिप नाही.
म्हणजे नुसती काच.
सांगितलं नाही तर कोरी राहणारी.

नऱ्ह्याच्या शेडमध्ये आम्ही अंडी उबवायची यंत्रं करतो.
तापमान, दमटपणा, एकवीसपैकी कितवा दिवस,
हे आता गिऱ्हाइकाला रंगीत हवंय.
आणि खळदकर साहेबांना कंट्रोलरचे दोनशे दहा रुपये वाचवायचेत.
"एक चिप आहे ना आत? तीच हेही करेल."

आहे ना एक.
तीच हीटर बघते, पंखा बघते,
तासातासाला अंडी कुशीवर वळवते.
आता तिनेच सेकंदाला साठ वेळा
काचेला सांगायचं, तू काय आहेस ते.
ओळ संपली की एक टिचकी.
पान संपलं की दुसरी.
अख्खं चित्र धरायला तिच्यापाशी जागा नाही,
एक ओळ काचेवर उतरतेय तोवर
पुढची रचून ठेवायची.
अठ्ठावन्न मायक्रोसेकंदात.

ओळीच्या अलीकडे-पलीकडे जरा वेळ मोकळा सोडतात,
त्याला पोर्च म्हणतात.
मी वहीत लिहिलं: पुढची ओसरी, मागची ओसरी.
ओसरीवर काही रंगत नाही,
चपला काढायच्या आणि थांबायचं.
किती लांब ओसरी, हे त्या कागदावर असतं,
जो रसूलभाईंकडे नव्हता.

पहिल्या रात्री पांढरंफेक.
दुसऱ्या रात्री चित्र आलं, पण वाऱ्यावरच्या धोतरासारखं
एका बाजूला वाहत गेलं.
तिसऱ्या रात्री मी घरी गेले, झोपले.
चौथ्या रात्री मागची ओसरी त्रेचाळीस ठोक्यांची केली,
आणि झेंडू थांबला.
मंडईत काढलेला फोटो, टोपलीभर झेंडू,
पाकळीन् पाकळी जागच्या जागी.
मी खुर्चीतून उठले, परत बसले.
कुणाला फोन करावा अशी ती वेळ नव्हती.

सकाळी हिराबाई ओव्हाळ झाडायला आल्या.
केरसुणी टेकून बराच वेळ बघत राहिल्या.
"ताई, झेंडू निळा कुठं असतोय?"

खरंच की. आभाळासारखा निळा.
रात्रभर तो हलत नाही एवढंच मी बघत होते.

लालच्या पाच तारा, निळ्याच्या पाच,
मधे हिरव्याच्या सहा.
डोळ्याला हिरव्यातलं बारीक कळतं,
म्हणून त्याला एक जास्तीची.
मी टोकांची अदलाबदल केली, वरच्या पाच खाली,
खालच्या पाच वर.
हिरव्याला हात लावायची गरज पडली नाही.

"आता कसं," म्हणाल्या हिराबाई
आणि टेबलाखालचे तारांचे तुकडे गोळा करायला लागल्या.

दुपारी खळदकर आले. बघितलं.
रंग थोडे भडक नाहीत का, म्हणाले.
हीटरची विचारपूस कोण करतंय मग, हे त्यांनी विचारलं नाही.
सांगितलं असतं मी.

पान संपतं, शेवटची ओळ उतरते,
आणि पुढचं पान सुरू व्हायच्या आत
ती मागच्या ओसरीवर येते, माझी चिप.
तेवढ्यात पळत जाऊन बघते:
साडेसदतीस आहे ना. पाणी आहे ना भांड्यात.
आज एकोणिसावा, आता वळवायचं नाही.
मग परत, पहिल्या ओळीच्या पहिल्या ठिपक्यावर.

काचेला यातलं काही दिसत नाही.
तिच्यावर झेंडू आहे, केशरी, स्थिर.
खालच्या ट्रेमध्ये, डावीकडून तिसऱ्या अंड्याला
आतून कुणीतरी टोचा मारलाय.