तीन बोटं पाणी

सरळगाव नाक्यावर, पंक्चरवाल्याच्या शेजारी
मी तणनाशक विकतो.
बाटलीला चिकटवलेला कागद उलगडत गेलं
की टॉवेलाएवढा होतो.
त्यात मराठी कुठे ते सापडेस्तोवर
गिऱ्हाईक टोपण उघडून वास घेऊन मोकळं.
म्हणून तोंडानेच सांगतो :
आवणीनंतर तिसऱ्या दिवशी.
वाळूत कालवून, वाऱ्याकडे पाठ करून.
खाचरात तीन बोटं पाणी,
आणि चार दिवस मोरी उघडायची नाही.

कुणाची बोटं,
हे बारा वर्षांत एकट्या बुधीबाईने विचारलं.
काउंटरवर हात ठेवला तिने.
मधल्या बोटाचं पेर विळ्याने नेलेलं,
बाकीच्यांत चाळीस पावसाळ्यांची बेणणी.
गोटीराम पष्टेने तिला बाटली आणायला पाठवलं होतं.
त्या बाटलीने तिचीच सतरा दिवसांची मजुरी जाणार होती,
हे तिला ठाऊक होतं, मलाही.
मी सुट्टे पैसे शोधत राहिलो.

"भाताला कसं नाय लागत ह्ये?"
लागतं, म्हटलं. दोघांनाही लागतं.
भात ते पोटात मोडून टाकतं,
धुराला तेवढी सवड मिळत नाही.
"आन कवळ्या भाताला?"
कोवळ्याला अजून मोडता येत नाही.
ती मान हलवत राहिली,
जणू मी तिच्या ओळखीच्या कुणाबद्दल बोलत होतो.
मग जाता जाता :
"माका मरतो का रं?"
मरतो.
"घोळ?"
तीही.
तिने बाटली पदरात नाही बांधली,
हातात धरली, अंगापासून लांब.

दुसऱ्या रात्री माळशेजकडून आभाळ उतरलं.
गोटीरामचा बांध मोरीपाशी खचला
आणि वरचं पाणी, औषधासकट,
खाली हरडांच्या खाचरात गेलं.
तिथली आवणी कालची,
रोप जेमतेम बारा दिवसांचं, उशिरा टाकलेलं.
आठवड्याने हरडांचा मुलगा
चार रोपं पिशवीत घालून दुकानात आला.
नवं पान बाहेर पडतच नव्हतं,
गुंडाळीतच अडकलेलं,
बाही उलटी घातलेल्या पोरासारखं.
"तुमचं औषध," म्हणाला. एवढंच.

मी दुकान बंद करून गेलो.
सांगण्यासारखं खूप होतं माझ्याकडे,
बांधाचं, पावसाचं, रोपाच्या वयाचं,
आणि सगळं खरं होतं.
बांधावर गोटीराम आणि हरड
एकमेकांकडे न बघता उभे.
बुधीबाई मात्र खाली चिखलात.
एक रोप उपटून तिने मूळ धुतलं,
उजेडाकडे धरलं.
"पांढरं हाय. जित्तं हाय.
पानी बदला. आठ दिस कुनी हात लावू नका."
कंपनीच्या माणसाने फोनवर
पाऊण तासात हेच सांगितलं, संध्याकाळी.

पाणी बदललं. पाने सुटली, उशिरा,
पहिली दोन वाकडीच.
फक्त जिथून पाणी घुसलं होतं
तिथला खाटेएवढा तुकडा उठला नाही.
त्यात बुधीबाईने वरच्या खाचरातली जाड रोपं आणून लावली.
आणायला गोटीरामनेच सांगितलं,
मजुरी मात्र हरडांनी दिली. एक दिवसाची.

दसऱ्याला गेलो तेव्हा सगळं सारखंच पिवळं होत होतं,
तो तुकडा मला ओळखता आला नाही.
तिने दाखवला.
त्याच्या कडेने, बांधाच्या अंगाला,
माक्याची चार झाडं उभी होती, पांढऱ्या फुलांची.
ती काढायची राहिली की ठेवली,
मी विचारलं नाही.

आता गिऱ्हाइकाला सांगतो :
आधी रोप किती दिवसांचं ते सांगा.
मग बांध बघून या.
मग पाणी, तीन बोटं.
आणि कुणी हसत विचारलंच, कुणाची,
तर काउंटरवर खडूने काढलेली रेघ दाखवतो.
बुधीबाईचा हात तिथे उभा धरून काढलेली आहे.
दर पावसाळ्यात पुसट होते,
ती बाजाराला आली की पुन्हा काढून घेतो.