छाट

सकाळी सातला ओट्यावर सुपं लागतात.
साखर पेठेच्या मागच्या गल्ल्यांतून बायका येतात,
तंबाखूचा वास आधी, मग त्या.
मी टेबलाशी. बोटांना हजार बिड्या मोजायची सवय,
आणि छाटायची.

बारीक वळली, छाट. पान फाटलं, छाट.
छाटलेल्या बिडीचे बाईला पैसे नाहीत, बिडीही नाही.
ती टेबलाखालच्या डब्यात पडते.
डबा कुणाच्या घरी जातो, कुणी विचारत नाही.
सव्वीस वर्षं मी त्या डब्याकडे पाहिलंच नाही,
असं नाही.

तो शिंगं लावून येत नाही.
संडे स्कूलच्या तक्त्यावर होता तसा लालही नाही.
सोलापूरचा एप्रिल, पत्रा तापलेला, लाईट गेलेली,
आणि तो माझ्याच आवाजात बोलतो, अगदी समजूतदार:
शांतवन, बाईमागं चाळीस. चाळीसच.
करुणाच्या नर्सिंगची फी तीस तारखेला.
देवानं एवढी चपळ बोटं दिली ती कशाला?

देवाचं नावही तोच घेतो.
मला भीती वाटते ती त्याची.

शुक्रवारी नरसव्वाचं सूप होतं.
डोळ्यांत मोतीबिंदू, तरी दोरा घट्ट.
नववी बिडी चांगली होती
आणि माझा अंगठा तिच्यावर थांबला.
एका श्वासाइतकाच.
तेवढ्यात अख्खा माणूस जातो.

प्रार्थना सुचली नाही.
‘नको’ एवढंच म्हणालो, तेही तेलुगूत, ‘वद्दु’,
समोर नरसव्वा होती म्हणून तोंडात तेच आलं.
तिला वाटलं, मी तिलाच म्हणतोय.
‘काय वद्दु? कशाला वद्दु?’

चार छाटल्या. त्या चार खरंच वाईट होत्या.
तिच्यासमोर मोडून केरात टाकल्या.
त्या चारांसाठीही ती भांडली,
माझ्या सात पिढ्या काढल्या,
सूप काखोटीला मारून गेली.
आभाळातून कुणी शाबास म्हणालं नाही.
टेबलाखाली डबा पायाला लागला,
हलका.

रविवारी पाळकसाहेब म्हणाले, शांतवनभाऊ, साक्ष द्या.
उठलो. पुढच्या बाकाची पाठ धरली.
आणि तो पुन्हा आला,
इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, माझ्याच:
सांग ना. सांग त्यांना तू किती सच्चा आहेस.

चाळीस बिड्यांहून हे जड होतं.
आणि गोड किती, काय सांगू.

घसा बसलाय म्हणून मी खाली बसलो.
ते खोटं होतं. त्याचा हिशेब वेगळा द्यावा लागेल.

फी पतसंस्थेतून उचलली. हप्ता चौदाशे.
उद्या सोमवार, सातला सुपं लागतील.
डबा धुऊन पालथा घातलाय.
सुलटा करायला एकच हात पुरतो,
आणि तो हात
रात्रभर माझ्याच उशाखाली असतो.