वासराच्या उंचीवर

दिवा लावायच्या आधी ती ऐकते.
अंधारात एकच ढास, कोरडी,
तिसऱ्या कप्प्यातून.

चौदा नंबर. कान पडलेले,
बाटलीकडे पाठ.
शेपटीखालून थर्मामीटर काढून
गॉबनेट भिंतीवर खडूनं लिहिते: ४०.६.
शेजारी कालचा आकडा, पुसट: ३९.१.

इंजेक्शन झालं. पेंढा बदलला.
फाख्टना म्हणतो, गारठा बाधला असेल,
आणखी एक फळी ठोकतो.

ती उत्तर देत नाही.
पेंढ्यात आडवी होते, गमबुटांसकट,
गाल वासराच्या गालाशी,
आणि श्वास घेते.

मुताची वाफ डोळ्यांत चरचरते.
उभ्या माणसाला कळलंच नसतं.
वर, पाच फुटांवर,
हवा ठीकच होती.

मागच्या वादळात दोघांनीच
फट न् फट बुजवली होती,
पोरं गारठू नयेत म्हणून.

आता फाख्टना पहारीनं
खिळे उपटतो, न बोलता.
वारा बँट्रीच्या खाडीवरून येतो, खारट,
छपराखालून शिरतो
आणि वरच्या वर निघून जातो.

चौदा नंबर अजून खोकतंय.
पेंढा मात्र इतका
की बसल्यावर त्याचे पाय दिसत नाहीत.
उद्या पहाटे ती पुन्हा
दिवा न लावता दारात थांबेल.