बैठक

गुडघ्यांनी मार्चातच नोटीस दिली होती.
डॉक्टर म्हणाले, उकिडवं बसणं बंद.
मी म्हटलं, मग मिक्सरच्या मोटारी
उभ्यानं भरू, आरती केल्यासारख्या?

निशिगंधानं फोनवर स्टुलं दाखवली,
लाल, काळी, एक तर चक्क पोपटी,
खाली चाकं, पोटात हत्यारांचा ट्रे,
उद्या घरपोच.
पण बुडाला विचारल्याशिवाय बैठक घेऊ नये,
हे माझं मत.
चपलेचं एक वेळ चालेल.

म्हणून नागदेवी स्ट्रीट.
बेअरिंगांच्या माळा लटकलेल्या,
आणि ग्रीसचा तो वास, जो मला अजून भूक लावतो.
मुर्तुझाभाईंनी विचारलं, गॅरेजमध्ये बसणार कोण, साहेब?
मी.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या अंगठ्याकडे,
तांब्याच्या तारेनं पाडलेल्या चरीकडे,
आणि मागच्या खोलीतला माल बाहेर काढायला सांगितला.

पहिलं मी सरळ उलटं केलं.
वेल्डिंग तुटक, घाईत हेम घातल्यासारखं. नको.
दुसऱ्याची चाकं नायलॉनची,
तारेचा एवढासा तुकडा आडवा आला की अडून बसणार.
रबराची तेल पितात आणि सुजतात,
त्यांचे आणि माझे गुडघे एकाच वळणाचे.
गॅसवाल्यानं फुस्स करून
बसल्याबसल्या दीड इंच खाली नेलं.
त्या कामाला वय आहेच की.

मग ते आलं. पाच पायांचं, जड,
जाड आट्यांवर फिरवून उंची ठरवायची,
गादी दोन बोटं, दिसायला काही नाही.
बसले.
मागे रेलले नाही, पाठच नव्हती त्याला.
बसून राहिले.

भांडुपच्या कंपनीत वाइंडिंगला आम्ही सव्वीस जणी.
'बसलात की काम बसेल,' म्हणायचे कर्णिक फोरमन.
म्हणून अख्खा सेक्शन उभा.
एकोणीस वर्षांत बसला
तो फक्त आमचा हात.

स्टूल एकच होतं, कर्णिकांचं.
ते रजेवर असताना फिलोमिना टेकली त्यावर,
सातवा महिना, पाय सुजलेले,
मिनिटभर असेल नसेल.
कुणी सांगितलं कळलं नाही.
अर्ध्या दिवसाचा पगार कापला.
आम्ही पंचवीस जणी माना खाली घालून
वेढे मोजत होतो.
मीसुद्धा.

'वजन किती घेईल?' मी विचारलं.
एकशे चाळीस किलो, लिहून देतो.
माझे चौसष्ट वजा केले.
उरलेल्यात फिलोमिना मावते,
सातव्या महिन्यातली, डब्यासकट.
सव्वीसशे सांगितले, तेविसशेला दिलं,
वर बोल्टांची पुडी फुकट.

मुलुंडला आणलं, गॅरेजमध्ये ठेवलं,
पंख्याचा स्टेटर हातात घेतला,
आणि शिवणीत बसावी तशी पाठ सरळ झाली.
इकडे ढकलला पाय की कातर,
तिकडे ढकलला की वार्निशचा डबा.
राणी म्हणणार होते स्वतःला, पण राण्या सोल्डरिंग करत नाहीत.

एक मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.
गाडी धुवायची म्हणून बिल्डरनं
फरशीला मोरीकडे उतार दिलाय.
मी उठले की ते निघतं,
संथ, आपल्या तंद्रीत,
भोंगा झाल्यासारखं,
शटरखालून थेट आवारात.

आज वॉचमन बिंदेश्वर घेऊन आला, दोन्ही हातांनी धरून.
मावशी, तुमची खुर्ची पळाली.
चाकाखाली घालायला मी लाकडाची पाचर शोधत होते.
म्हटलं, आता आणलंयस तर टेक जरा,
बारा तास उभा असतोस.

तो आधी
आजूबाजूला बघतो.