दोनपैकी एक

धंतोलीतली दुपार. कुलरमधलं पाणी संपत आलंय,
खसाचा ओला वास तेवढा उरलाय.
समोर सेवकराम पराते, वय सत्तेचाळीस.
बुटीबोरीच्या रंगाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
टाकीत उतरून टाकी आतून पुसायचं काम.
थिनर, टोल्युइन,
आणि तोंडाला बायकोच्या जुन्या लुगड्याची पट्टी.

मी पन्नास चित्रं दाखवते, एकेक, तीन-तीन सेकंद.
विळी. कंदील. बदक. कुलूप.
मग दोन-दोन समोर ठेवते:
यातलं कोणतं पाहिलं होतं?
चाचणी अवघड दिसते. दिसावी म्हणूनच तशी केलीय.
मेंदूला खरोखर मार लागलेली माणसंही
हिच्यात सहसा पडत नाहीत.
हे मी कुणाला सांगत नाही.
न सांगण्याचाच मला पगार मिळतो.

त्याची नजर विळीवर थांबते,
गर्दीत ओळखीचं कुणी दिसावं तशी, अर्धा क्षण,
आणि बोट जातं छत्रीवर.
"हे पायलं होतं वाट्टे, मॅडम."

पन्नासात सतरा.
डोळे मिटून कवड्या फेकल्या असत्या
तरी पंचविसाच्या आसपास पडलं असतं दान.
इतकं चुकायला
बरोबर काय ते आठवावं लागतं.

अहवालातला शब्द ठरलेला आहे: प्रयत्न अपुरा.
अपुरा?
कपाळावर घाम, जीभ दातांत धरलेली,
प्रत्येक खऱ्या उत्तराला वळसा घालत
हा माणूस तासभर राबलाय माझ्या टेबलाशी.

"मॅडम, कंपनीच्या डॉक्टरनं इचारलं,
आज वार कोणता? म्या सांगतला, मंगळवार.
त्यानं लिवलं, ठणठणीत.
आता तुमीच सांगा,
किती इसरू म्हंजे पुरन?"

बाहेर बाकावर इंद्रकला, मांडीवर डबा.
सकाळी ती सांगत होती:
चहात मीठ, तेही दोनदा.
गणेशपेठेच्या स्टॅण्डवर रात्री दीड तास,
घरची बस कोणती तेच आठवेना.
गळ्याजवळचं बटण आता तीच लावते.
मी ऐकून घेतलं होतं. रकाना नव्हता.
आणि आता पुढच्या प्रत्येक पानावर
सतराची सावली.

मी सतरा लिहिते. सोळा नाही, अठरा नाही.
खाली समासात, जिथे कुणी वाचत नाही,
बटणाबद्दल एक ओळ.
टाकीवरचा पंखा दोन वर्षं बंद होता म्हणे,
तो कुणाच्या अपुऱ्या प्रयत्नात धरायचा
ते छापील फॉर्मवर नाही.

"झालं," म्हणते. तो उठतो, हात जोडतो.

माझ्या खोलीला दोन दारं आहेत.
एक बाहेर उघडतं, बाकाकडे.
दुसरं जुन्या फायलींच्या अडगळीत.
सकाळी तो पहिल्यानंच आला होता.

पेनाला टोपण लावून झालंय.
तो थांबतो. या दाराकडे बघतो, त्या दाराकडे,
मग फायलींचं दार उघडून
अंधारात पाऊल टाकतो
आणि तिथेच, पाठमोरा,
हळू आवाजात विचारतो,
"इंद्रकला?"